बाइट लिहिणे सामाईक, निर्णय ज्याचा त्याचा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका डेटाबेस इंजिनाच्या स्टोरेज विभागात काम करणाऱ्या वाचकाचे हे पत्र आहे. त्यांच्या इंजिनात फाइलवर थेट लिहिणारा कोड तीन ठिकाणी आहे. एक कोड नवी लॉग फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची आधी नोंद ठेवणारी फाइल) तयार करताना ती शून्यांनी भरतो, दुसरा सर्व्हरबाहेर चालणाऱ्या बॅकअप साधनात हेच काम करतो आणि तिसरा टेबलाची फाइल वाढवतो. काळाच्या ओघात या नकला एकमेकींपासून दूर गेल्या. अर्धवट लेखन, म्हणजे सांगितल्यापेक्षा कमी बाइट लिहिले जाणे, हाताळण्यातली एक चूक एका ठिकाणी दुरुस्त झाली आणि दुसऱ्या ठिकाणी तशीच राहिली. म्हणून वाचकाने तिन्हींच्या जागी एकच फंक्शन लिहायला घेतले. प्रत्येकाची गरज सामावता सामावता त्याला नऊ पॅरामीटर झाले: फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक), बफर (लिहायच्या बाइटांची मेमरीतली जागा), आकार आणि ऑफसेट (फाइलमध्ये जिथून लिहायचे ती जागा) हे चार, शिवाय पुन्हा प्रयत्न किती करायचे, एफसिंक (बाइट खरोखर डिस्कवर पोहोचवण्याची विनंती) करायचे का, अपयश आल्यास फाइल पुसायची का, त्रुटीचा संदेश कुठे नोंदवायचा आणि प्रतीक्षेची आकडेवारी कोणत्या नावाखाली मोजायची, हे पाच. एक सहकारी म्हणतात की हे अजून सर्वसमावेशक करा, पुढे उपयोगी पडेल. ज्येष्ठ सहकारी म्हणतात की यापेक्षा तीन नकला परवडल्या. "मी कुणाचे ऐकू, आणि सामाईक फंक्शनने नेमके किती करायचे हे ठरवायचे कसे?" असे वाचकाने विचारले आहे.

उत्तर:

तुमचे पत्र वाचून मला असे वाटते की तुमचे दोन्ही सहकारी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. एकाला नकलांची पुनरावृत्ती खटकते आहे, दुसऱ्याला नऊ पॅरामीटरांची गुंतागुंत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांनीही तुमचे मूळ गृहीतक न तपासता स्वीकारले आहे. ते गृहीतक असे की तिन्ही ठिकाणी एकच काम चालते. मला ते पटत नाही. तिन्ही ठिकाणी एका कामाचा एक लहानसा भाग समान आहे, आणि तो भाग तुम्ही समजता त्यापेक्षा बराच लहान आहे.

नऊ पॅरामीटरांची यादी पुन्हा समोर घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा पॅरामीटर 'काय लिहायचे' ते सांगतो, की लेखन झाल्यावर अथवा फसल्यावर 'पुढे काय करायचे' ते सांगतो? पहिले चार पॅरामीटर पहिल्या प्रकारचे आहेत. उरलेले पाचही दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि ते फंक्शनात आले ते केवळ तीन कॉलरांचे (फंक्शनाला हाक देणाऱ्या तीन ठिकाणांचे) त्या बाबतीत एकमत नाही म्हणून. या पाचांच्या प्रत्येकी दोनच अवस्था धरल्या तरी बत्तीस जोड्या होतात. तुमचे तीन कॉलर त्यांतल्या फार तर तीन वापरतील आणि उरलेल्या एकोणतीस जोड्या कुणीही न चालवलेल्या अवस्थेत कोडमध्ये पडून राहतील.

हे मतभेद अपघाती नाहीत, हे लक्षात घ्या. एफसिंकचेच पाहा. नवी लॉग फाइल शून्यांनी भरली की ती अंतिम नाव मिळण्यापूर्वी डिस्कवर पोहोचलीच पाहिजे, म्हणून तिथे एफसिंक लगेच हवे. बॅकअप साधनात ते वापरणाऱ्याच्या इच्छेवर असू शकते. चाचणीसाठी बॅकअप घेणारा माणूस एफसिंक वगळून वेळ वाचवतो. टेबलाची फाइल वाढवताना मात्र त्या क्षणी एफसिंक करायचेच नसते, कारण ते काम चेकपॉइंटकडे (साचलेले बदल एकत्र डिस्कवर नेणाऱ्या टप्प्याकडे) सोपवलेले असते. अपयशाचे परिणामही असेच निरनिराळे आहेत. लॉगची जागा तयार करता आली नाही तर काही प्रसंगी संपूर्ण सर्व्हर थांबवावा लागतो, बॅकअप साधन संदेश दाखवून बाहेर पडते, आणि टेबल वाढले नाही तर फक्त तो व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रद्द होतो, बाकीचे चालू राहतात. 'अपयश आल्यास फाइल पुसा' हा पॅरामीटर तर मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. लॉगच्या तात्पुरत्या फाइलसाठी तो अगदी योग्य आहे. पण टेबल वाढवणाऱ्या कोडकडून तो कधी चुकून 'होय' असा गेला, तर डिस्क भरल्याच्या किरकोळ घटनेत एखाद्याचे भरलेले टेबल पुसले जाईल. जे पॅरामीटर एका कॉलरासाठी सोय आणि दुसऱ्यासाठी सर्वनाश असतात, त्यांना सामाईक फंक्शनात जागा नसावी.

मग सामाईक काय उरते? 'या फाइलमध्ये, या ऑफसेटपासून, एवढे बाइट. सगळे कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) द्या किंवा का देता आले नाहीत ते सांगा.' एवढेच. हे वाचून 'एवढ्यासाठी वेगळे फंक्शन कशाला' असे वाटेल, पण तुमच्या नकलांमध्ये जी चूक शिल्लक राहिली ती नेमकी याच भागातली होती.

ती चूक जरा जवळून पाहू, कारण अशा फंक्शनाचे सगळे मोल तिच्यात आहे. समजा ८,१९२ बाइटांचे तीन बफर तुम्ही पीराइटव्ही (अनेक बफर एकत्र लिहिणारा सिस्टिम कॉल) या एकाच कॉलने लिहायला दिले, म्हणजे एकूण २४,५७६ बाइट. कॉल १०,००० हे उत्तर घेऊन परतला. ही त्रुटी नाही. एरनोमध्ये (त्रुटीचा क्रमांक जिथे मिळतो त्या चलात) काही भरलेले नसते आणि कर्नल आपल्या हक्कात वागलेला असतो. आता पहिला बफर पूर्ण गेला आहे, दुसऱ्यातले १,८०८ बाइट गेले आहेत आणि ६,३८४ उरले आहेत, तिसरा अख्खा शिल्लक आहे. पुढच्या कॉलसाठी दुसऱ्या बफराचा पत्ता १,८०८ ने पुढे सरकवायचा, त्याची लांबी ६,३८४ करायची, पहिला बफर यादीतून गाळायचा आणि फाइलमधला ऑफसेट १०,००० ने वाढवायचा. या चारांपैकी एक पायरी विसरली तरी संकलन होते, नेहमीच्या चाचण्या पार पडतात, कारण साध्या डिस्कवर अर्धवट लेखन क्वचितच घडते. आणि ज्या दिवशी घडते त्या दिवशी फाइलच्या मधोमध चुकीचे बाइट बसतात. शिवाय ही सरकवासरकव कॉलराने दिलेल्या मूळ यादीवर केली, तर कॉलराची यादी परत येताना बदललेली असते; म्हणून आधी यादीची स्थानिक प्रत करून मगच तिला हात लावावा. असा कोड तीनदा लिहिण्याचे काहीही कारण नाही. एकदा लिहा, नीट तपासा आणि सर्वांना वापरू द्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसने जवळपास तुमच्यासारखाच प्रश्न २०२३ मध्ये आलेल्या १६व्या आवृत्तीत सोडवला. लॉग सेगमेंट शून्यांनी भरण्याचा कोड सर्व्हरमध्ये एक आणि बॅकअप व लॉग उतरवून घेणाऱ्या साधनांमध्ये दुसरा, असा होता. त्यांनी दोन लहान फंक्शने दोघांनाही वापरता येतील अशा सामाईक भागात ठेवली. एक अर्धवट लेखन पूर्णत्वाला नेते. दुसरे त्याच्या आधारे ठरावीक ऑफसेटपासून ठरावीक आकारापर्यंत शून्ये लिहिते. दुसऱ्याला पॅरामीटर तीन: डिस्क्रिप्टर, आकार, ऑफसेट. त्यातला ऑफसेटसुद्धा सुरुवातीला नव्हता. फाइलच्या आरंभापासूनच शून्ये लिहायची होती, आणि टेबल वाढवणारा कॉलर प्रत्यक्ष समोर आल्यावर तो जोडला गेला. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा. पॅरामीटर नंतर जोडणे सोपे असते. जोडलेला काढणे मात्र कुणाला जमत नाही, कारण तोवर कुठेतरी कुणीतरी तो वापरत असतो.

या रचनेत संदेश नोंदवण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. सर्व्हरच्या आत त्रुटी नोंदवण्याची यंत्रणा व्यवहार उलटवते, तर बाहेरच्या साधनात ती यंत्रणा अस्तित्वातच नसते. दोन्हीकडे चालायचे असेल तर खालच्या फंक्शनाने मौन पाळावे, उणे एक परत करावे, अपयशाचे कारण एरनोमध्ये ठेवावे आणि बोलण्याचे काम कॉलरावर सोडावे. कोणती फाइल, कोणत्या कामासाठी आणि वापरणाऱ्याने आता काय करावे, हे कॉलरालाच ठाऊक असते. खालच्या थरातून आलेला 'लेखन अयशस्वी' हा संदेश रात्री उठवलेल्या प्रशासकाच्या काहीही कामाचा नसतो. प्रतीक्षेच्या आकडेवारीचेही हेच: मोजणी कॉलच्या आधी सुरू करून नंतर थांबवणे कॉलराला सहज शक्य आहे, त्यासाठी पॅरामीटर नको.

आता 'पुन्हा प्रयत्न' या पॅरामीटरकडे येतो. तुमच्या पत्रात मला इथे सर्वांत मोठी गफलत दिसली, आणि ती अनेकांची होते. अर्धवट लेखनानंतर उरलेला भाग लिहिणे आणि त्रुटी आल्यावर तीच गोष्ट पुन्हा करून पाहणे, या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिली नेहमीच बरोबर असते. ती फंक्शनाने न विचारता करावी. दुसरी बहुधा चूक असते, आणि बरोबर असली तर तो निर्णय कॉलराचा असतो. डिस्क भरली म्हणून आलेली त्रुटी तीनदा विचारल्याने जात नाही. इनपुट-आउटपुटची त्रुटी आली तर तिची बातमी दडपण्यापेक्षा वर पोहोचवणे महत्त्वाचे. सिग्नलमुळे (प्रक्रियेला मध्येच येणाऱ्या सूचनेमुळे) कॉल खंडित झाला आणि एकही बाइट गेला नाही, तर पुन्हा कॉल करणे बहुतेकदा निर्धोक असते. मात्र तो सिग्नल क्वेरी रद्द करण्यासाठीच आला असेल तर कॉलराला मध्ये डोके घालता आले पाहिजे. कोणताही पर्याय निवडा, पण फंक्शनाच्या वरच्या टिप्पणीत तो लिहा.

अर्धवट लेखन पुढे नेण्याचा एक फायदा सहसा ध्यानात येत नाही. कमी बाइट गेले म्हणजे लगेच अपयश, असे मानणाऱ्या कोडमध्ये एरनो रिकामा असतो, म्हणून तिथे 'डिस्क भरली असावी' असे अंदाजाने गृहीत धरण्याची रीत आहे. उरलेला भाग लिहायला जाणाऱ्या लूपमध्ये हा अंदाज लागत नाही. जागा खरोखर संपली असेल तर पुढचा कॉल स्वतःच खरे कारण सांगतो. फक्त शून्य बाइट लिहिले गेले असे उत्तर आले तर लूप अनंतकाळ फिरत राहणार नाही, याची तजवीज करा.

एफसिंकच्या बाबतीत पुन्हा प्रयत्न करणे तर सरळ घातक आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आले की लिनक्सवर एखादे पान (कर्नलच्या कॅशेमधला डेटाचा तुकडा) डिस्कवर लिहिताना त्रुटी आली, तर एफसिंक ती त्रुटी सांगते खरी, पण कर्नल ते पान स्वच्छ झाल्याची खूण करून मोकळा होतो. मग दुसऱ्यांदा केलेले एफसिंक यशस्वी होते, आणि माहिती मात्र डिस्कवर नसते. त्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२ आणि तिच्या सोबतच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत असे ठरले की डेटा फाइलवरचे एफसिंक फसले की सर्व्हरने तत्काळ कोसळावे आणि लॉगमधून स्वतःला सावरावे. जुने वर्तन हवे असेल तर एक सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. आता कल्पना करा की तुमच्या फंक्शनात एफसिंक आणि 'तीन प्रयत्न' हे दोन्ही पॅरामीटर एकत्र नांदत आहेत. ज्या कुणाला हा इतिहास ठाऊक नाही, तो दोन्ही सुरू करून कोड अधिक भक्कम केल्याच्या समाधानात असेल.

म्हणून लिहिणे आणि टिकवणे ही दोन फंक्शने ठेवा. 'लिहिले' याचा अर्थ कर्नलने बाइट स्वीकारले, एवढाच आहे. वीज गेली तर ते जाऊ शकतात. टिकवण्याच्या कामाला स्वतःच्या अडचणी पुरेशा आहेत. मॅकओएसवर साधे एफसिंक ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशेपर्यंतच पोहोचवते आणि पुढे ढकलायला एफ-फुलएफसिंक ही वेगळी विनंती करावी लागते. नवी फाइल तयार केली किंवा तिचे नाव बदलले तर ज्या डिरेक्टरीत ती आहे, त्या डिरेक्टरीवरही एफसिंक लागते. हे ज्ञान एका ठिकाणी गोळा होणे चांगले, पण ते लिहिण्याच्या फंक्शनात कोंबू नये.

इथे एक अपवाद नोंदवतो, नाहीतर मी सर्वच धोरण कॉलरावर ढकलतो असे वाटेल. तात्पुरती फाइल टिकवा, मग तिचे नाव बदला, मग डिरेक्टरी टिकवा, हा क्रम जिथे जिथे फाइल अदलाबदलीने बदलली जाते तिथे सारखाच असतो आणि त्यात कुणाचे मतभेद संभवत नाहीत. असा क्रम वरच्या थरातले वेगळे सामाईक फंक्शन म्हणून खुशाल लिहा. निकष 'खालचा थर की वरचा थर' हा नाही. कॉलरांचे त्या बाबतीत खरोखर एकमत आहे का, हा आहे.

फंक्शन लहान झाले म्हणजे विचार संपला असे नाही. उलट त्याने काय वचन द्यायचे, याचा विचार आता करावा लागेल, आणि माझ्या मते तुमचा बराचसा वेळ इथे जावा. अपयश आल्यावर किती बाइट गेले होते, हे सांगणार की नाही? पोस्टग्रेसच्या फंक्शनाने ते स्पष्टपणे अनिश्चित ठेवले आहे, आणि तुमच्या तिन्ही कॉलरांना ते चालेल: तात्पुरती फाइल पुसली जाणार आहे, आणि टेबलाच्या शेवटी अर्धवट वाढलेला भाग पुन्हा लिहिता येतो. जो कॉलर या माहितीवर अवलंबून असेल त्याच्यासाठी हे फंक्शन नाही, असे सरळ लिहा.

फाइलची चालू जागा (पुढचे साधे वाचन-लेखन जिथून होते ती) बदलते का, हाही असाच प्रश्न. पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकातले पीराइट (पीराइटव्हीचे एका बफराचे रूप) ती बदलत नाही. विंडोजवर मात्र ते अनुकरणाने साधावे लागते आणि त्यात चालू जागा हलू शकते. पोस्टग्रेसने आपल्या आवरणाला (मूळ कॉलभोवती लिहिलेल्या फंक्शनाला) मूळ नावाऐवजी उपसर्ग लावून वेगळे नाव दिले ते कुणी अजाणता फसू नये म्हणूनच. तेव्हा 'चालू जागेवर भरवसा ठेवू नका, हवी असल्यास स्वतः ठरवा' असे वचन द्या. लिनक्सवर आणखी एक खोच आहे: फाइल ओ-अपेंड फ्लॅगने उघडली असेल तर पीराइट तुमचा ऑफसेट दुर्लक्षून शेवटालाच लिहिते. पॉझिक्सच्या हे विरुद्ध आहे आणि लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये तशी नोंदही आहे. अशा डिस्क्रिप्टरवर फंक्शन वापरू नये, हे टिप्पणीत एका वाक्यात सांगता येते.

बफरांच्या संरेखनाकडेही (त्यांचे पत्ते ठरावीक संख्येच्या पटीत असण्याकडेही) लक्ष द्या. आज तुम्ही कर्नलच्या कॅशेमधून लिहीत असाल, पण उद्या कुणी ओ-डायरेक्टने (ही कॅशे टाळणाऱ्या फ्लॅगने) फाइल उघडली तर बफराचा पत्ता, लांबी आणि ऑफसेट हे सारे ब्लॉकच्या पटीत लागतील, आणि ६,३८४ बाइटांचा उरलेला तुकडा त्यात बसणार नाही. शून्यांचा बफर तुमच्या स्वतःच्या ताब्यात आहे, तेव्हा तो ४,०९६ च्या सीमेवर संरेखित ठेवायला काही खर्च नाही. त्या बफरासाठी दरवेळी मेमरी मागण्याचीही गरज नाही. ८ किलोबाइटांचा एकच न बदलणारा ब्लॉक ठेवा आणि पीराइटव्हीच्या यादीतल्या सर्व नोंदी त्याच्याकडेच वळवा. यादीत बत्तीस नोंदी घेतल्या तर एका कॉलमध्ये २५६ किलोबाइट जातात, म्हणजे १६ मेगाबाइटांची लॉग फाइल २,०४८ ऐवजी ६४ कॉलमध्ये भरते. आकार ब्लॉकच्या पटीत नसला तर शेवटच्या अपुऱ्या तुकड्याची सोय तेवढी विसरू नका.

त्रुटी हाताळताना कॉलरांकडूनही एक चूक हमखास होते. लेखन फसल्यावर ते आधी फाइल बंद करतात, पुसतात आणि मग एरनो वाचतात. तोवर बंद करण्याच्या किंवा पुसण्याच्या कॉलने तो बदललेला असू शकतो. 'डिस्क भरली' याऐवजी 'अशी फाइल नाही' असा संदेश येतो आणि शोध भलतीकडे सुरू होतो. एरनो आधी बाजूला ठेवा, मग आवराआवर करा. तिन्ही कॉलर बदलताना हे तपासून घ्या.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे आता वळतो, कारण त्यांच्या आग्रहात एक मोलाची सूचना दडलेली आहे. टेबल वाढवणारा कोड खरोखर या कुटुंबातला आहे का? लॉग फाइल शून्यांनी भरण्यामागचा हेतू हा की जागा आधीच मिळावी आणि नंतर लिहिताना फाइल प्रणालीला नवे ब्लॉक शोधावे लागू नयेत. टेबलाच्या बाबतीत जागा राखून ठेवणे पुरेसे असू शकते आणि ते पॉझिक्स-फॉलोकेटने शून्ये न लिहिताही होते. पोस्टग्रेस १६ मध्ये आठपेक्षा जास्त ब्लॉकांनी टेबल वाढवायचे असेल तर हाच मार्ग घेतला जातो आणि कमी वाढीसाठी शून्ये लिहिली जातात. उलट झेडएफएससारख्या, प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणाऱ्या फाइल प्रणालीवर लॉग आधी शून्यांनी भरण्यातही फारसा अर्थ उरत नाही, म्हणून पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीपासून ते बंद करण्याची सोय आहे. हे सर्व निर्णय 'शून्ये कशी लिहायची' याच्या वरचे आहेत. ते तुमच्या फंक्शनात शिरले की दहावा आणि अकरावा पॅरामीटर आलाच म्हणून समजा.

सर्व नकला मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तशाच ठेवू नयेत, असे माझे मत आहे. दोन कोड आज सारखे दिसतात म्हणून एकत्र करणे धोक्याचे असते, हे खरे. पण एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त करावीच लागेल अशी परिस्थिती असेल, तर ते दोन कोड एकच आहेत. तुमच्या बाबतीत ही कसोटी प्रत्यक्ष लागून झालेली आहे.

चाचणीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी सांगतो, कारण सामाईक फंक्शनाची सर्वांत मोठी मिळकत तीच आहे. अर्धवट लेखन घडवून आणणे अवघड वाटते, पण युनिक्सवर ते सोपे आहे. चाचणीच्या प्रक्रियेत आरलिमिट-एफसाइझ ही फाइलच्या आकाराची मर्यादा १०,००० बाइटांवर ठेवा, ती ओलांडताना येणारा एसआयजीएक्सएफएसझेड हा सिग्नल दुर्लक्षित करा आणि वरचेच २४,५७६ बाइट लिहायला सांगा. लिनक्सवर पहिला कॉल १०,००० घेऊन परततो आणि लूपमधला दुसरा कॉल 'फाइल फार मोठी' या त्रुटीने फसतो. म्हणजे अर्धवट लेखन आणि त्यानंतरची खरी त्रुटी, दोन्ही वाटा एकाच चाचणीत चालून होतात. नुसती 'जागा नाही' ही त्रुटी हवी असेल तर लिनक्सवरच्या डेव्ह-फुल या उपकरणावर लिहा. पुढे इंजिनाचे सारे फाइलकाम एका पातळ थरातून जाऊ लागले, तर एसक्यूलाइट या डेटाबेसच्या चाचण्यांसारखी पद्धत अवलंबता येईल. तिथे व्हीएफएस या फाइलकामाच्या थराच्या जागी बनावट थर बसवून आधी पहिली फाइल-क्रिया फसवतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि एकही क्रिया न फसता काम पूर्ण होईपर्यंत हे चालू ठेवतात. पण त्यासाठी आजच सगळा थर उभारायला बसू नका.

कामाचा क्रम असा ठेवावा, असे सुचवतो. पहिल्या पॅचमध्ये (तपासणीसाठी पाठवायच्या बदलांच्या संचात) अर्धवट लेखन पूर्ण करणारे फंक्शन, त्याची टिप्पणी आणि चाचणी असू द्या. कॉलर एकही बदलू नका. दुसऱ्यात शून्ये भरणारे फंक्शन आणून लॉग व बॅकअप हे दोन कॉलर त्याच्यावर आणा, आणि त्यांचे एफसिंक, पुसणे व संदेश जिथल्या तिथे राहू द्या. या पॅचमध्ये वर्तनात एकच बदल दिसला पाहिजे: जिथे अर्धवट लेखनाची चूक शिल्लक होती तिथली ती गेली. वाचणाऱ्याला हलवलेला कोड आणि बदललेला कोड वेगळा ओळखता आला की रिव्ह्यूमधला वाद बराचसा मावळतो. नावात 'रिट्राय' असा शब्द मात्र घालू नका. 'पूर्ण लिहा' अशा अर्थाचे नाव द्या, म्हणजे त्रुटीनंतरही पुन्हा प्रयत्न होतात असा समज होणार नाही.

टेबल वाढवणारा कोड तिसऱ्या पॅचसाठी राखून ठेवा. तो पाठवण्यापूर्वी, किती ब्लॉकांपर्यंत शून्ये लिहायची आणि कुठून पुढे फॉलोकेट वापरायचे, हा निर्णय त्या भागाचे काम पाहणाऱ्यांकडून घ्या. कदाचित ते ज्येष्ठ सहकारीच असतील. त्यांनी शून्ये नकोच म्हटले, तर तिसऱ्या पॅचची गरजच पडणार नाही आणि तुमचे फंक्शन दोन कॉलरांसह व्यवस्थित नांदेल.